पाणपक्षी, पिले आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विणीच्या हंगामात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो : पिलांना घास भरवणाऱ्या पाणपक्ष्यांचे छायाचित्र कसे काढावे. यंदा आलेल्या पत्रांतील मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांनी कळवलेली ठिकाणे मात्र मुद्दाम वगळली आहेत, कारण तळ्याचे नाव छापले की घरट्याचा पत्ताच छापल्यासारखे होते.

प्रश्न : लव्हाळ्यात टिबुकलीचे तरंगते घरटे सापडले असून मादी अंड्यांवर बसली आहे. पिले बाहेर पडताच ती त्यांना भरवतानाचे छायाचित्र मिळावे, यासाठी आतापासूनच घरट्याजवळ जागा धरावी का? अंतर किती ठेवावे?

उत्तर : आतापासून जागा धरू नये, आणि घरट्याजवळ तर मुळीच धरू नये. आपल्याला हवे असलेले छायाचित्र घरट्यावर मिळण्याची शक्यता फार थोडी आहे. टिबुकलीची पिले अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच घरटे सोडतात आणि आईबापांच्या पाठीवर, पंखांच्या पिसांत शिरून बसतात. त्यानंतर एक पालक पिलांना पाठीवर घेऊन तरंगत राहतो आणि दुसरा बुड्या मारून कीटक, लहान मासे आणून भरवतो. हे सारे उघड्या पाण्यावर चालते. म्हणजे ज्या क्षणासाठी आपण घरट्यापाशी ठाण मांडणार, तो क्षण घरट्यापासून दूर, अधिक चांगल्या उजेडात आणि मध्ये लव्हाळ्याची एकही काडी न येता घडणार आहे. पोहणाऱ्या इतरही काही पाणपक्ष्यांच्या बाबतीत हे खरे आहे. चांदवा, पाणकोंबडी आणि सर्व टिबुकल्या यांची पिले अंगावर लव घेऊनच जन्मतात, लगेच पोहू लागतात, पण पुढचे काही आठवडे त्यांना पालकांकडून घास लागतो. छायाचित्रकाराला याहून सोयीची व्यवस्था मागूनही मिळाली नसती, आणि तरीही माणसे घरट्याकडेच धावतात.

बसलेला पक्षी मादीच आहे असेही धरून चालू नये. टिबुकलीत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात आणि दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. आपण कदाचित दोघांना पाहून एकच पक्षी समजत असाल.

सध्या फक्त एक गोष्ट दुर्बिणीतून तपासावी. घरट्यावर पक्षी नसेल आणि घरटे म्हणजे ओल्या पाणवनस्पतींचा नुसता ढीग वाटत असेल, तर पक्ष्याने जाताना अंडी झाकली आहेत. टिबुकली घरटे सोडताना असे करते. आपण आल्यावर प्रत्येक वेळी पक्षी निसटतो आणि ढीगच दिसतो, असे होत असेल तर आपली उभी राहण्याची जागा चुकली आहे, अंतर काहीही असो. पिले पाण्यात उतरल्यावर किनाऱ्यावर एका ठिकाणी, झुडपाच्या आडोशाने, बसून राहावे. पिलांची तीक्ष्ण, सतत चाललेली चिवचिव दुरूनही ऐकू येते आणि घास कोणत्या दिशेने येणार हेही तीच सांगते. मोठ्या तुरेवाल्या टिबुकलीच्या पिलाच्या माथ्यावर उघड्या कातडीचा एक ठिपका असतो आणि ते घास मागू लागले की तो लाल होतो. तो रंग चढताना दिसला की बोट शटरवर ठेवावे. याच जातीचे पालक पिलांना चक्क पिसेही भरवतात. पिसे पोटात साठून माशांच्या काट्यांपासून आतड्याचे रक्षण होते, असे मानले जाते. पालकाच्या चोचीत मासा नसून पांढरे पीस असल्याचे छायाचित्र मिळाले, तर ते फसलेले समजून पुसू नये.

प्रश्न : सुरक्षित अंतर म्हणून कोणी १० मीटर सांगतात, कोणी ५०. नेमके किती धरावे? लपणात (पक्ष्याला न दिसता बसण्याच्या आडोशात) बसले तर जवळ जाता येईल का?

उत्तर : मीटरमध्ये उत्तर देता येत नाही, कारण एकाच जातीचे दोन पक्षी सारखे वागत नाहीत आणि एकच पक्षी अंडी घालताना जितका बुजतो तितका पिले मोठी झाल्यावर बुजत नाही. घरटे बांधणे, अंडी घालणे आणि उबवण्याचे पहिले दिवस या काळात पक्षी घरटे कायमचे सोडून जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. पिलांना दिसू-समजू लागल्यावर तो कमी होतो. अंतर पक्ष्याच्या वागण्यावरून ठरवावे. चोचीत घास घेऊन आलेला पालक घरट्यावर न उतरता घिरट्या घालत असेल, दूर बसून मान उंच करून पाहत असेल, एकाच सुरात ओरडत असेल किंवा हातातले काम सोडून पिसेच साफ करू लागला असेल, तर त्याची अडचण आपण आहोत. थोडा वेळ वाट पाहून काही बदलले नाही, तर निघावे. वीस मिनिटांची वाट पाहणेसुद्धा लहान पिलांच्या दृष्टीने पुष्कळ झाले.

एक चिन्ह मात्र अनेक जण उलटे वाचतात. पिले अचानक गप्प होऊन घरट्यात चपटी बसली, की छायाचित्रकाराला वाटते, बरे झाले, आता ती हलत नाहीत. प्रत्यक्षात पालकाच्या इशाऱ्याने ती भीतीने दबून बसलेली असतात. अशी छायाचित्रे सुबक दिसतात खरी, पण जाणकाराला त्यांत पिलांपेक्षा छायाचित्रकारच अधिक दिसतो. टिटवी किंवा शेकाट्या पंख मोडल्यासारखा लंगडत आपल्यासमोर जाऊ लागला, तर तो आपल्याला पिलांपासून दूर नेत आहे. त्याच्या मागे काही पावले जावे आणि त्याच दिशेने बाहेर पडावे, म्हणजे त्याचे नाटक सफल होईल.

लपणाबद्दल असे की लपण हे जवळ जाण्याचे साधन नसून न दिसण्याचे साधन आहे, आणि हा फरक फार जणांच्या ध्यानात येत नाही. १९०० च्या सुमारास इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी बैलाचा पोकळ पुतळा करून त्याच्या पोटातून पक्ष्यांची छायाचित्रे काढली. आज त्याचे हसू येते, पण त्यामागचा विचार पक्का होता : कुरणात पक्ष्याला बैल नवा नसतो. आपले लपणही तेथे आधीपासून असल्यासारखे वाटले पाहिजे. ते दूर उभारून, पक्षी स्वीकारतो आहे हे पाहत, काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पुढे सरकवावे लागते. वाऱ्याने फडफडणारे कापड लपणाचा सारा उपयोग घालवते. लपणात शिरताना सोबत एक जण न्यावा आणि आपण आत बसल्यावर त्याने परत जावे. माणूस निघून गेला असे पक्ष्याला वाटते आणि तो लवकर परततो. बाहेर पडतानाही तो सोबती परत यावा लागतो. हा भाग बहुतेक जण कंटाळा करून टाळतात आणि मग पक्ष्याला लपणातून माणूस निघताना दिसतो. त्यानंतर त्या लपणाचे लपणपण संपते.

तरंगत्या लपणाविषयी दोन पत्रे आहेत. विणीच्या हंगामात लव्हाळ्याच्या काठाने तरंगते लपण नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते फार चांगले काम करते, हीच त्यातली अडचण आहे. पक्षी बुजत नाहीत, आपण पुढे पुढे सरकत राहतो आणि न दिसलेले दुसरे घरटे लपणाखाली सापडते. पाण्याखालचा चिखल किती खोल आहे हेही वरून कळत नाही.

प्रश्न : बदकीण आणि तिची पिले अनेक दिवस पाहत आहे. ती त्यांना एकदाही भरवताना दिसली नाही. माझी वेळ चुकते आहे का?

उत्तर : वेळ चुकत नाही, पक्षी चुकला आहे. बदकांची पिले पहिल्या दिवसापासून स्वतःच टिपून खातात. आई त्यांना ऊब देते, सावध करते आणि खाण्याच्या जागी नेते, पण घास भरवत नाही. ऑस्ट्रेलियातील मस्क बदक आणि मॅगपाय हंस हे त्याला ठळक अपवाद आहेत. कमळपक्षी, टिटवी आणि शेकाट्या यांची पिलेही आपले आपण खातात. कमळपक्ष्यात तर अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे ही कामे नराकडे असतात. भरवण्याचेच दृश्य हवे असेल, तर चांदवा, पाणकोंबडी, टिबुकली किंवा सुरय (टर्न) यांच्याकडे वळावे. लाल चोचीच्या पाणकोंबडीत आणखी एक गंमत पाहायला मिळते. त्याच हंगामातील आधीच्या विणीची, अजून तपकिरी रंगाची मोठी पिले आपल्या धाकट्या भावंडांना भरवू लागतात. भरवणारा पक्षी प्रौढ नाही हे छायाचित्रात ओळखू आले, तर चित्राची किंमत एकदम वाढते.

प्रश्न : बगळ्यांच्या मोठ्या वसाहतीत छायाचित्रे काढताना दोन गोष्टी दिसल्या. मी झाडाखाली गेलो तेव्हा वरच्या पिलांनी अर्धवट पचलेले मासे ओकून टाकले. आणि एका घरट्यात सर्वांत लहान पिलाला इतर दोघे चोचींनी मारत होते, पालक मात्र काहीच करत नव्हता. अशा वेळी काय करावे?

उत्तर : पहिल्या गोष्टीचे कारण आपणच आहात. घाबरलेली बगळ्याची पिले पोटातले ओकून टाकतात. तो अनेकदा त्यांना मिळालेल्या मोजक्या घासांपैकी एक असतो आणि पालक तो दिवसभरात पुन्हा भरून काढतीलच असे नाही. थोडी मोठी पिले याहून वाईट करतात. ती घरटे सोडून फांद्यांवर पळतात आणि खाली पडतात. पालक उडाले की कावळ्यांनाही तेवढी संधी पुरते. म्हणून सारंगागाराच्या, म्हणजे बगळ्यांच्या वसाहतीच्या, झाडांखाली जाऊ नये. छायाचित्र बाहेरून, शक्य तर घरट्यांच्या पातळीला येणाऱ्या उंच जागेवरून, लांब लेन्सने घ्यावे. पालक रोज ज्या बाजूने येतात तिच्या थोडे आडवे बसले, तर उतरताना पसरलेले पंख आणि वर ताणलेल्या माना दोन्ही एका चौकटीत येतात.

दुसऱ्या गोष्टीत हात घालू नये. बगळे सगळी अंडी पुरी होण्याआधीच उबवू लागतात, त्यामुळे पिले एकाच दिवशी नव्हे, तर एकामागून एक बाहेर येतात आणि थोरले व धाकटे यांच्या आकारात मोठा फरक पडतो. मासे भरपूर असले की सगळी जगतात. तुटवडा असला की धाकटे मागे पडते. क्रूर वाटणारी ही रीत त्या पक्ष्यांच्या वाढण्याचाच भाग आहे, आणि खाली उतरवलेल्या पिलाला घास भरवण्याची बगळ्याची पद्धत माणसाला साधत नाही. छायाचित्र घ्यायला हरकत नाही. फक्त त्याखालच्या मजकुरात दुष्ट आई आणि अन्याय हे शब्द घालू नयेत.

भरवण्याचा क्षण पकडण्यासाठी चोचीकडे नव्हे, पालकाच्या गळ्याकडे पाहावे. उतरल्यावर पालक काही क्षण स्तब्ध उभा राहतो, मग मान खाली-वर होऊ लागते आणि गळा फुगत वर येतो. त्याच वेळी एक पिलू त्याची चोच आपल्या चोचीत आडवी धरून खाली ओढते. येथून पुढे सारे काही सेकंदांत संपते. पाणकावळ्यात याच्या उलट पिलू स्वतःचे डोके पालकाच्या घशात घालते, त्यामुळे तेथे घास दिसतच नाही आणि चित्र उभे राहते ते दोन मानांच्या आकारावर. या दोन पक्ष्यांसाठी चौकट वेगवेगळी धरावी लागते : बगळ्यासाठी उभी आणि थोडी सैल, पाणकावळ्यासाठी घट्ट.

प्रश्न : पांढऱ्या बगळ्याची पिसे जळाल्यासारखी येतात, म्हणून एक्सपोजर (चित्रात घेतला जाणारा उजेड) कमी केले, तर पिले काळोखात जातात.

उत्तर : पांढऱ्या पक्ष्यासाठी एक्सपोजर कमी करावे, हा अर्धाच नियम आहे. पक्षी चौकटीत लहान असेल आणि मागे गर्द हिरवे असेल, तर कॅमेरा त्या हिरव्याला उजळवायला जातो आणि पक्षी जळतो. तेथे एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करणे बरोबर. पण पक्ष्याने चौकट भरली असेल, तर कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी करतो, आणि तेथे उलट वाढवावे लागते. घरट्यावर पक्षी येतो-जातो, चौकटीतला पांढऱ्याचा वाटा दर क्षणी बदलतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या स्वयंचलित निर्णयावर विसंबू नये. उजेड स्थिर असेल तर मॅन्युअल पद्धतीने, पालकाच्या उन्हातल्या पिसांचे तपशील जेमतेम टिकतील इतके एक्सपोजर ठरवून तेच कायम ठेवावे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर सावलीतल्या पिलांना नंतर एक-दोन स्टॉप उजाळा देता येतो, जळालेले पांढरे मात्र परत येत नाही. चांदव्याच्या पिलाच्या लालसर डोक्यासाठीही हीच काळजी घ्यावी. एकूण हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाच्या वाटपाचा आलेख) ठीक दिसत असतानाही त्यातला लाल रंग आधीच कडेला जाऊन आदळलेला असतो, म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहावेत. आणि ढगाळ सकाळी गेलात, तर यातली निम्मी काळजी वाचते.

प्रश्न : चांदव्याने घास मागणाऱ्या आपल्याच पिलाचे डोके चोचीत धरून त्याला जोरात हलवले. पिलू आजारी होते का? असे छायाचित्र प्रसिद्ध करावे का?

उत्तर : आजारीच असेल असे नाही. चांदवे फार जोरात आणि वारंवार मागणाऱ्या पिलाला असे झिंझाडतात, त्यामुळे ते मागणे आवरते आणि घास भावंडांकडे जातो. अन्न कमी असले की हे वाढते आणि कधी त्यात पिलू दगावतेही. शिवाय पिले मोठी होत गेल्यावर पालक ती आपसांत वाटून घेतात आणि दुसऱ्याच्या वाट्याचे पिलू जवळ आले की त्याला हाकलतात.

या पिलांच्या रंगाविषयी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकन चांदव्याच्या पिलांच्या अंगावर नारिंगी टोकांची पिसे असतात. ब्रूस लायन, जॉन ईडी आणि लिंडा हॅमिल्टन या संशोधकांनी काही पिलांची ती टोके कापून त्यांना काळे केले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, एकाच घरट्यात दोन्ही प्रकारची पिले असताना पालकांनी नारिंगी पिलांना अधिक घास दिले, पण सगळीच पिले काळी केलेल्या घरट्यांत पिले उपाशी राहिली नाहीत. म्हणजे पालक रंगाची तुलना करून निवड करत होते. म्हणून चांदव्याच्या कुटुंबाचे छायाचित्र घेताना घास घेणाऱ्या पिलाबरोबर न मिळालेले पिलूही चौकटीत राहू द्यावे. गोष्ट त्या दोघांच्या मधल्या अंतरात असते, आणि एकट्या पिलावर घट्ट कापलेल्या चौकटीतून ती निघून जाते.

झिंझाडण्याचे छायाचित्र अवश्य प्रसिद्ध करावे, पण काय चालले आहे ते खाली नीट लिहून.

प्रश्न : सुरय मासा घेऊन येतो आणि क्षणात उडून जातो. माझ्याकडे ५०० मिमीची लेन्स आहे. प्रत्येक वेळी एकतर पालक धूसर येतो किंवा पिलू.

उत्तर : येथे दोन अडचणी एकत्र झाल्या आहेत. पहिली वेगाची. सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने येणारा पक्षी १/५०० सेकंदात २ सेंटिमीटर सरकतो आणि १/२००० सेकंदात अर्धा. त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तरी चालेल, पण १/२००० च्या खाली उतरू नये. दुसरी अडचण खोलीची. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० मिमी लेन्स, एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र बारीक) आणि विषय १० मीटरवर असेल, तर समोरून मागेपर्यंत स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम १३ सेंटिमीटरचा असतो. एफ ८ वर तो १९ सेंटिमीटरच्या आसपास जातो. सुरयाची चोच, मान आणि समोरचे पिलू त्यात मावत नाहीत, जर पालक आपल्याकडे तोंड करून किंवा पाठ करून उतरत असेल तर. तोच पक्षी आडवा आला, तर १३ सेंटिमीटरही पुरतात. म्हणून उपाय छिद्र बारीक करण्यापेक्षा जागा बदलण्यात आहे. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. वारा आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे बसले, की पालक आपल्याला आडवा दिसतो.

फोकस उडत्या पालकावर ठेवू नये. मासा शेवटी पिलाच्या चोचीतच जाणार आहे, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून तो पिलावर ठेवावा. डोळा ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा दोन पक्षी एकत्र आले की एकावरून दुसऱ्यावर उड्या मारते. शटर दाबण्याआधीची काही चित्रे राखून ठेवणारी सोय कॅमेऱ्यात असेल, तर ती अशाच वेळी वापरावी. शटरचा आवाज बंद ठेवता येत असेल, तर तो जरूर बंद ठेवावा, मात्र काही कॅमेऱ्यांत त्या पद्धतीने वेगवान पंख वाकडे उमटतात, हे आधी तपासून घ्यावे.

यापेक्षा महत्त्वाची बाब अशी की सुरय, शेकाट्या आणि टिटवी उघड्या वाळूवर किंवा चिखलावर अंडी घालतात. भर उन्हात अशा वाळूचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. पालक पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांना, पिलांना गारवा देतात. आपल्या बसण्यामुळे ही ये-जा थांबली, तर थंडीच्या दिवसांत जे काही काळ खपले असते ते येथे काही मिनिटांत जिवावर बेतते. या पक्ष्यांसाठी सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि ऊन चढण्याआधी उठावे. उन्हात तापलेल्या हवेच्या थरथरीमुळे दुपारी लांब लेन्सची चित्रे तशीही मऊच येतात. सर्वांत चांगली संधी पुढे असते. सुरयाची पिले उडू लागल्यावरही बरेच दिवस पालक त्यांना मासे आणून देतात, कधी खांबावर तर कधी काठावरच्या दगडावर. तेव्हा वाळूवर पाऊल टाकण्याचीही गरज नसते.

प्रश्न : पाण्याच्या पातळीवर झोपून छायाचित्र घेताना चमक टाळण्यासाठी पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावावा का?

उत्तर : लावू नये. पाण्यावरची चमक पोलरायझरने सर्वाधिक कमी होते ती पृष्ठभागाकडे सुमारे ३७ अंशांनी खाली पाहताना. झोपून, जवळजवळ पाण्याला समांतर पाहताना त्याचा परिणाम नाममात्र उरतो आणि दीड स्टॉपच्या आसपास उजेड मात्र फुकट जातो. त्या उजेडाची गरज शटरला अधिक आहे. पातळीवर झोपल्याचा खरा लाभ मागच्या दृश्यात असतो : काठ दूर जातो, मऊ होतो आणि पाठीवरच्या पिलाचे डोके पाण्यावर उठून दिसते.

प्रश्न : घरट्यासमोरची चार पाने बाजूला केली तर काय बिघडते? आणि ड्रोनने वरून घेतले तर त्रास कमी होईल ना?

उत्तर : ती चार पाने म्हणजे पिलांचे छप्पर आणि भिंत आहे. ती सरली की ऊन आत येते आणि कावळ्याची नजरही. तुडवलेल्या गवताची वाट तर आपण गेल्यावरही घरट्याकडे बोट दाखवत राहते. ड्रोन वसाहतीवर नेऊ नये. पक्ष्याला वरून येणारी वस्तू शिकारी पक्ष्यासारखी वाटते आणि सगळी वसाहत एकदम उठते. होडीने जात असाल, तर थेट पक्ष्याच्या दिशेने न जाता तिरके जावे, पालक आणि पिले यांच्या मधून कधीही जाऊ नये आणि इंजिन आधीच बंद करावे, कारण त्याच्या लाटेने तरंगते घरटे बुडते.

प्रश्न : घरट्यावरची छायाचित्रे स्पर्धांत का नाकारली जातात? कायदा काय म्हणतो?

उत्तर : अनेक स्पर्धा आणि पक्षिमित्रांचे गट घरट्यावरची छायाचित्रे घेत नाहीत, कारण एका चित्राला बक्षीस मिळाले की पुढच्या हंगामात तसेच चित्र हवे असणारे अनेक जण तेथे पोहोचतात. कायद्याच्या दृष्टीने पाहता, भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यात विशेष संरक्षण असलेल्या जातींना घरट्यापाशी त्रास देणे गुन्हा आहे, आणि पालकांवर अवलंबून असलेल्या त्यांच्या पिलांना त्रास देणेही. म्हणजे घरट्यापासून दूर छायाचित्र काढण्याचा माझा आग्रह हा मनमानीचा परवाना नव्हे. पाण्यावरही पक्ष्याची चिन्हे तीच आणि तशीच वाचावी लागतात. चित्र प्रसिद्ध करताना फाइलमधील स्थाननोंद काढून टाकावी आणि शक्य तर पिले मोठी होऊन गेल्यावरच ते प्रसिद्ध करावे.

प्रश्न : ही छायाचित्रे पाहून आनंद होतो, पण त्यांचा अभ्यासाला काही उपयोग आहे का?

उत्तर : निश्चित आहे. एमा टर्नर यांनी १९११ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक भागात तपकिरी बगळ्याच्या (बिटर्न) एका पिलाचे छायाचित्र घेतले आणि ब्रिटनमधून विणीचा पक्षी म्हणून नाहीसा झालेला हा पक्षी तेथे पुन्हा वीण करू लागल्याचा पुरावा मिळाला. अलीकडे, २०१७ मध्ये, ब्रिटनच्या पक्षी संरक्षण संस्थेने लोकांकडून पिलांसाठी मासे नेणाऱ्या पफिन या समुद्रपक्ष्यांची छायाचित्रे मागवली. हजाराहून अधिक चित्रे आली आणि कोणत्या किनाऱ्यावर पिलांना कोणते मासे मिळतात, ते केवढे असतात, हे पक्ष्यांना हात न लावता तपासता आले.

आपलेही चित्र असे उपयोगी पडायचे असेल, तर चोचीतला मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत चौकटीत असावा. पालकाच्या चोचीच्या लांबीशी तुलना करून माशाची लांबी काढता येते, म्हणून चोच आणि मासा दोन्ही एकाच अंतरावर, स्पष्ट असतील असे चित्र निवडावे. तारीख, वेळ, पिलांची संख्या आणि पाठोपाठच्या दोन घासांमधले अंतर वहीत लिहून ठेवावे. प्रसिद्धीसाठी कापलेली प्रत वेगळी ठेवून मूळ फाइल न कापता जपावी, कारण कडेला धूसर आलेले दुसरे पिलू नंतर मोजणीत धरावे लागते.